कुलुपात कुलूप

फॉर्ममध्ये अकरावा रकाना असतो:
'ग्रामपंचायती एकत्र येण्याचे कारण.'
पुढं दीड ओळीची जागा.
दर मार्चला मी तिथं लिहितो, 'खर्चात बचत',
सही करतो, गोल शिक्का मारतो,
पंचायत समितीच्या टपालात टाकतो
आणि कळंबच्या स्टँडवर भजी खातो.

खोटं नाही ते.
दीड ओळीत मावलं तेवढंच खरं.

विहीर शेलगव्हाणच्या हद्दीत, मांजरेच्या कुशीला.
टाकीजोगी टेकडी एकच, ती हिवरड्याची.
आणि डीपी तांबवाडीच्या गायरानात, बाभळीला खेटून.
एकाकडं पाणी, एकाकडं उंची, एकाकडं वीज.
ज्यानं त्यानं आपापलं उराशी धरलं असतं
तर तिघांनी मिळून टँकरचीच वाट बघितली असती.

हे कळलं सगळ्यांना. पटलं कुणालाच नाही.
कळणं आणि पटणं यांच्या मधोमध
पंपहाऊसचं लोखंडी दार होतं,
दाराच्या कड्यावर तीन कुलुपं.

ठराव क्रमांक चार:
प्रत्येक गावाचं एक कुलूप, किल्ली ज्याच्या त्याच्या सरपंचाकडं,
म्हणजे कुणी कुणाच्या माघारी व्हॉल्व पिळणार नाही.
मुनीर पंपवाला पहाटे चारला सायकल काढायचा.
आधी द्वारकाबाई; त्यांची पूजा उरकेस्तोवर ओट्यावर बसायचं.
मग विश्वंभर थोरबोले, जे किल्ली द्यायच्या आधी
कालच्या पाण्याची मिनिटं मोजून घ्यायचे.
मग तांबवाडी, जिथं किल्ली उशीखाली
आणि उशीवर ढाराढूर सरपंच.
सात किलोमीटर, तीन किल्ल्या.
तोवर लाइट जायची.
कोरड्या घागरी बघून तिन्ही गावं
एकमेकांच्या नावानं खडे फोडायची.

मागल्या माघात उशीवाले सरपंच
अंबाजोगाईला लग्नाला गेले, किल्ली खिशात.
इकडं मोटार ऑटोवर,
आणि आत पाइप फुटला.
दाराखालून पाणी येत होतं.
आम्ही शे-दीडशे माणसं बाहेर उभी राहून
आतलं पाणी ऐकत होतो.
तोडा म्हणायला कुणाची जीभ उचलेना;
तुटलेलं कुलूप कोणत्या गावाचं,
यावर पुढं दहा वर्षं कोर्ट चाललं असतं.
पोरगं पळत जाऊन डीपीचा फ्यूज उपटेस्तोवर
अर्ध्या टाकीएवढं पाणी बाभळीला गेलं.

दुसऱ्या दिवशी मुनीरची रुकय्या डबा घेऊन आली.
कळंबला आयटीआय करते, फिटर.
कुलपांकडं बघत राहिली, मग म्हणली,
"अब्बा, तिन्ही कड्यातच कामून? एकमेकांत अडकवा की."

म्हणजे असं: दाराला साखळी,
साखळीच्या एका टोकाला पहिलं कुलूप,
त्याच्या कमानीत दुसरं, दुसऱ्याच्या कमानीत तिसरं,
तिसऱ्याच्या कमानीत साखळीचं दुसरं टोक.
कुठलंही एक उघडा, दार उघडतं.

कुलुपं तीच. किल्ल्या त्याच. मान कुणाचाच गेला नाही.
तिन्ही सरपंच अजूनही सांगतात,
आमच्या किल्लीशिवाय पंप चालत नाही.
ठरावाच्या वहीत याची ओळ नाही.

असं नाही की भांडण मिटलं.
तांबवाडीचे बिलाचे दोन हप्ते थकलेत,
ते बाकी दोघांनी शिव्या देत भरले,
कारण महावितरणवाला हिश्शानं वायर तोडत नाही.
थोरबोले अजून मिनिटं मोजतात.
फक्त मुनीर आता साडेपाचला उठतो.

यंदा अकराव्या रकान्यात मी 'कुलूप' लिहायला घेतलं,
कु काढला, थांबलो, खोडलं,
वर 'खर्चात बचत' लिहिलं.

आठ दिवसांनी साहेबांचा फोन:
"अकरामध्ये खाडाखोड कामून आहे?"
म्हणलं, साहेब,
जागा कमी पडली.